ऊलुगुरूच्या रानातला रेघेचा उंदीर

आफ्रिकेला मी गेले ती वहिनीच्या बाळंतपणासाठी. उमरेडच्या घरात हेच सांगितलं होतं, नागपुरात कॉलेजला दिलेल्या रजेच्या अर्जातही हेच लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. माझा मोठा भाऊ घरचा हातमाग सोडून लढाईनंतर टांगानिकात गेला आणि तिथे रेल्वेच्या कारखान्यात फिटर झाला. वहिनीचं पहिलंच बाळंतपण होतं. तिला माहेरचं कोणी उरलं नव्हतं आणि आईचे गुडघे धरलेले, म्हणून मी निघाले. पण माझ्या ट्रंकेत डिंकाचे लाडू, सावजी मसाल्याची पुडी आणि बाळाची टोपडी यांच्या खाली उंदीर पकडायचे दोन डझन सापळे होते. ते मात्र कुठल्याच अर्जात लिहिलेले नव्हते.

मी मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या लायब्ररीत जुन्या इंग्रजी नियतकालिकांचा एक ढीग आहे, त्याला मुली कधी हात लावत नाहीत. एका उन्हाळ्यात तो झाडून लावताना मला एका उंदरावरचं अर्ध्या पानाचं टिपण सापडलं. ऊलुगुरू नावाच्या डोंगरात, ढगात बुडालेल्या जंगलात, एका जर्मन माणसाला तो कधीकाळी मिळाला होता. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, तांबूस, पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एकच काळी रेघ. जगात त्याचं एकच कातडं, तेही इंग्लंडच्या एका संग्रहालयात, आणि त्याची शेपटी अर्धी तुटलेली. तो राहतो कुठे, खातो काय, पिलं कुठे घालतो, यातलं कोणालाच काही माहीत नव्हतं. जमिनीवर राहत असावा असा लिहिणाऱ्याने अंदाज केला होता. मी नकाशा काढून पाहिला. ऊलुगुरूचे डोंगर ज्या गावाच्या पाठीशी उभे आहेत ते मोरोगोरो, आणि दादाच्या प्रत्येक पत्रावर शिक्का मोरोगोरोचाच.

मी संग्रहालयाला पत्र घातलं. उत्तर सभ्य आणि थोडं थंड आलं: कवटीसह एक पूर्ण कातडं मिळाल्यास आनंद होईल, पण गेल्या कित्येक वर्षांत गेलेल्या कोणालाही हा प्राणी मिळालेला नाही. ते पत्र मी घडी करून पाकिटात ठेवलं आणि त्याच दिवशी बाजारातून सापळे आणले.

मोरोगोरो

बोटीचं सांगण्यासारखं काही नाही. मी बहुतेक वेळ आडवीच होते. दार-ए-सलामला दादा घ्यायला आला तेव्हा मी त्याला ओळखलं, त्याने मला नाही. ‘‘तू येवढी वाळली कशी वं?’’ हे त्याचे पहिले शब्द.

मोरोगोरो हे लहानसं, लाल मातीचं गाव. मुख्य रस्त्यावर गुजराती दुकानदारांची रांग, पलीकडे सिसलचे, म्हणजे दोरासाठी लावलेल्या घायपाताचे मळे, आणि त्यांच्यामागे एकदम आकाशाला लागलेला डोंगर. आमच्या नागपूरकडे सपाटीत वाढलेल्या माणसाला अशी उंची पाहून मान दुखते. सकाळी डोंगर निळा दिसायचा, दहा वाजेपर्यंत त्याचं डोकं ढगात जायचं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज तो पाहायची आणि रोज कणीक मळायची, कारण ज्या कामाला आले होते ते आधी.

वहिनीला डोहाळे लागले होते ते नागपूरच्या संत्र्याचे. तिथली संत्री पिकली तरी हिरवीच राहतात. गोड असतात, पण वहिनी म्हणायची, ‘‘हिरवं संत्रं खाताना मनाले पटतच नाई.’’ ज्वारी मात्र तिथे मिळते, मटामा म्हणतात. तिची भाकरी थापली तेव्हा दादाने तीन खाल्ल्या आणि चौथी मागताना त्याचे डोळे भरून आले.

बाळ ठरल्यापेक्षा आधीच आलं. मुलगी. नर्स येईपर्यंत मी आणि शेजारची गुजराती बाई, दोघींनीच निभावलं. सव्वा महिना मी शेक, न्हाऊ, लाडू यांत बुडून गेले. तो संपला तेव्हा माझ्या परतीच्या बोटीला जेमतेम पंधरवडा उरला होता. त्या दिवशी जेवताना मी सापळ्यांची गोष्ट काढली.

दादाने घास खाली ठेवला. ‘‘उंदरासाठी? अवं, उंदीर आपल्या घरातबी हायेत. त्या डोंगरात तू काहून जाऊन राहिली? मले ड्यूटी हाये, मी येऊ शकत नाई. एकटी बाई माणूस!’’

‘‘दादा, मी वर्षभर याचीच वाट पाहून राहिली.’’

‘‘आईले मी काय सांगू?’’

बाळाला पाजत बसलेली वहिनी आतून बोलली, ‘‘जाऊ द्या नं तिले. तिनं माझं सारं केलं, एका शब्दानं तरी कुरकुर केली का? आता तिचं काम तिले करू द्या.’’

दादा ताटावरून उठला. मग हात धुताना म्हणाला, ‘‘सैदीले विचारतो.’’

सैदी हा रेल्वेच्या रुळांवर आयुष्यभर काम करून निवृत्त झालेला म्हातारा. भारतीय मुकादमांच्या हाताखाली राहून त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. त्याचं मूळ गाव डोंगरावर, आणि तिथे त्याची बहीण राहत होती. तो आला, मला खालीवर न्याहाळून म्हणाला, ‘‘मामा पहाड चढेगा?’’ मी दचकले. मग दादा हसत म्हणाला, ‘‘इथं बाईले मामा म्हंतात वं. आई म्हणून.’’ म्हणजे पुढचा सगळा आठवडा मी कोणाची तरी मामा होऊन राहणार होते.

परवाना

जंगलात मुक्काम करायचा तर वनखात्याच्या इंग्रज अधिकाऱ्याची परवानगी लागत होती. पहिल्या दिवशी त्याने मला उभ्याउभ्याच सांगितलं की बायकांना रानात राहण्याचा परवाना देण्याची पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर तो दौऱ्यावर असल्याचं शिपायाने सांगितलं, पण खिडकीतून त्याच्या पाइपचा धूर दिसत होता. मी व्हरांड्यातल्या बाकावर कचेरी बंद होईपर्यंत बसले. जाताना तो माझ्यासमोरूनच गेला आणि टोपीला हात लावला. तेवढा तरी शिष्टाचार होता.

घरी येऊन मी विचार केला की हा माणूस नुसत्या शब्दांनी बधणार नाही. दादाच्या स्वयंपाकघरात लावलेल्या सापळ्यात एक घरउंदीर सापडला होता. त्याचं कातडं मी काढलं, आतून औषध लावलं, कापूस आणि तार भरली, टाके घातले, पाय नीट पसरून टाचणीने बसवले आणि पायाला चिठ्ठी बांधली: जागा, लांबी, वजन, नर. तिसऱ्या दिवशी ती पेटी मी त्याच्या टेबलावर ठेवली.

त्याने पाइप बाजूला ठेवला. कातडं उलटून पोटावरचे टाके पाहिले, दिव्यापाशी नेऊन पाहिले.

‘‘हे तुम्ही केलं?’’

‘‘माझे वडील विणकर आहेत. आमच्या घरात टाका दिसला तर तो वाईट समजतात.’’

तो थोडा हसला. ‘‘भारतात उंदीर संपले का, बाई?’’

‘‘हा तिथे नाही. आणि तो इथे आहे की नाही, हेही तुमच्या खात्याला ठाऊक नाही.’’

हे बोलून गेल्यावर मला वाटलं की संपलं. पण त्याने कागद ओढून घेतला आणि सहा रात्रींचा परवाना लिहिला. सातव्या दिवशी मी खाली दिसले नाही तर माणसं पाठवीन, असंही त्याने बजावलं.

डोंगरावर

चढ मी समजले होते त्याहून वाईट होता. सैदी म्हातारा, पण बकरीसारखा चढायचा आणि वर थांबून माझ्याकडे दयेने पाहायचा. नऊवारी काचा मारून मी निघाले होते. एका ओढ्याशी दगडावरून पाय घसरला, मी कमरेइतक्या पाण्यात बसले आणि सापळ्यांची पिशवी घळीत गडगडत गेली. सैदी ‘‘पोले, मामा, पोले’’ म्हणत होता. कोणाला काही दुखलं-खुपलं की तिथे हा शब्द म्हणतात. आपल्याकडे अशा वेळी ‘पाहून चालता येत नाही का’ म्हणतात. मला त्यांचा शब्द आवडला. घळीत उतरून मी सापळे वेचले. चार वाकले होते, दोन मिळालेच नाहीत.

सैदीच्या बहिणीचं नाव म्वानाईदी. पन्नाशीच्या पुढची, उंच, कमी बोलणारी बाई. डोंगराच्या उतारावर तिचं मातीचं, गवताने शाकारलेलं घर, भोवती मका आणि घेवड्याचे वाफे. मी समजले घर सैदीचं, बहीण सांभाळते. उलटं होतं. तिथल्या लुगुरू लोकांत जमीन आईकडून मुलीकडे जाते. सैदी त्या घरी पाहुणा, पण बहिणीच्या मुलांच्या लग्नकार्यात शेवटचा शब्द त्याचा. भाच्यांवर बापापेक्षा मामाचा अधिकार मोठा. मी सैदीला सांगितलं की आमच्या भाषेत या नात्यालाच ‘मामा’ म्हणतात. तो इतका हसला की त्याला खोकला आला. मग त्याने ते बहिणीला सांगितलं आणि ती पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसली.

जेवायला मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि घेवडा. घेवड्यात मिठाखेरीज काही नव्हतं. मी भीतभीत सावजी मसाल्याची चिमूट टाकली. म्वानाईदीने एक घास खाल्ला, शांतपणे पाणी प्यायली आणि भांडं भावाकडे सरकवलं. सैदीच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण रेल्वेत इतकी वर्षं काढलेला माणूस, त्याने भांडं संपवलं आणि म्हणाला, ‘‘इंडियन लोग को रोने का बहुत शौक है.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलात शिरले. शेतं संपतात आणि एका पावलावर रान सुरू होतं. आमच्याकडच्या सागवानी जंगलात उन्हाळ्यात आरपार दिसतं. इथे दहा हातांपलीकडचं झाड धुक्यात विरून जातं. खोडांवर ओलं शेवाळ लोंबतं, माणसाच्या उंचीची नेचाची झाडं, मध्येच खाण्याजोगं फळ न धरणाऱ्या रानकेळींची प्रचंड पानं, आणि सगळीकडून टपटप पाणी. पाऊस नव्हता, ढगच झाडांवरून निथळत होता. माझ्या चष्म्याच्या काचा दिवसभर पुसत होते.

सापळे मी टिपणातल्या अंदाजाप्रमाणे जमिनीवर, खोडांच्या बुंध्याशी लावले, भाजलेले शेंगदाणे आणि खोबरं घालून. एका जागी सपाट जमीनच नव्हती म्हणून एक सापळा झुडपाच्या बेचक्यात अडकवला.

पहिल्या रात्रीचे सहा उंदीर सगळे शेतातले साधे. दुसऱ्या रात्री एक मोठा, घुशीसारखा, त्याने माझं बोट फोडलं. त्याच दिवशी पाऊस झाला आणि निम्मे सापळे पाण्यानेच मिटले. रेघेचा एकही नाही. मी चुलीशी बसून बोटाला आयोडीन लावत होते आणि मनात म्हणत होते की गेलेल्या कोणालाच तो मिळाला नाही, तर तो मलाच का मिळावा? पण परवान्याच्या रात्री संपलेल्या नव्हत्या, आणि सापळे लावणं हे काही आशा असेल तरच करायचं काम नव्हे. मी पुन्हा लावले.

सियाफू

रानातल्या चौथ्या दिवशी पहाटे म्वानाईदीने मला दंडाला धरून उठवलं. ‘‘सियाफू!’’ ती म्हणाली आणि कोंबड्या काखेत मारून बाहेर पळाली. मला समजेपर्यंत माझ्या पायावर शंभर सुया टोचल्या. काळ्या मुंग्यांची एक रुंद नदी दारातून आत येत होती. मी अंगणात उड्या मारत नऊवारी सोडली. म्वानाईदीने हसत हसत माझ्या अंगावर आपलं कापड टाकलं आणि पोटऱ्यांतल्या मुंग्या एकेक करून उपटल्या. डोकी मात्र आतच राहायची. सैदी पाठ करून उभा राहिला होता, पण त्याचे खांदे हलत होते.

घर रिकामं करून द्यायचं, दुपारपर्यंत त्या जातात आणि झुरळं, ढेकूण सगळं साफ करून जातात, असा तिथला रिवाज. म्वानाईदी निवांत घेवडा निवडत बसली. मला मात्र एकदम सापळे आठवले.

मी धावत रानात गेले. मुंग्यांची वाट माझ्या सापळ्यांवरूनच गेली होती. सापळ्यासापळ्यात नुसती हाडं. मी एक एक उघडत गेले आणि त्या झुडपाच्या बेचक्यातल्या सापळ्यापाशी आले. त्यातही हाडंच होती, पण फार लहान. चिमटीत कवटी धरून मी भिंगातून पाहिली. वरच्या पुढच्या दातांवर उभी पन्हळ होती. साध्या उंदराला ती नसते. त्या अर्ध्या पानाच्या टिपणात ती लिहिलेली होती.

तो सापडला होता, आणि माझ्या हातात यायच्या आधी मुंग्यांनी तो खाल्ला होता. मी त्या ओल्या रानात मटकन बसले आणि रडले. कोणी पाहत नव्हतं म्हणून नीट रडले. मग चष्मा पुसताना लक्षात आलं की जमिनीवरच्या एकाही सापळ्यात तो कधी आला नाही. आला तो एकाच ठिकाणी, झुडपावर, आणि तो सापळाही मी जागा नव्हती म्हणून वर ठेवला होता. टिपणातला अंदाज चुकीचा होता. त्याच्यावर विसंबून मी तीन दिवस घालवले होते.

संध्याकाळपर्यंत मी सगळे सापळे फांद्यांना बांधले. सुतळी संपली तेव्हा नऊवारीचा फाटलेला काठ काढून त्याने बांधले.

घरटं

पाचव्या दिवशी सगळे सापळे रिकामे निघाले. परत आले ती बहुधा चेहऱ्यावर सगळं घेऊनच, कारण म्वानाईदीने कुदळ खाली ठेवली आणि भावामार्फत विचारलं, ‘‘ही रोज काय शोधते?’’

इतके दिवस मी सैदीला सगळं सांगत होते. शेतात राबणाऱ्या या बाईला विचारावं हे मला सुचलंच नव्हतं. मी चुलीतला कोळसा घेऊन जमिनीवर उंदीर काढला आणि पाठीवर रेघ ओढली. सैदी काही सांगायच्या आत तिने कोळसा माझ्या हातातून घेतला. माझ्या चित्रातली शेपटी तिने पुसली, तिच्या दुप्पट लांब काढली आणि टोकाला तिला एक वळसा दिला.

‘‘वो बोलती,’’ सैदी म्हणाला, ‘‘तुम्हारा चूहा का पूंछ छोटा है. ये पूंछ से पकडता है.’’

जगातल्या एकुलत्या एका कातड्याची शेपटी तुटलेली होती. ती कशी असते हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि ही बाई मला जमिनीवर काढून दाखवत होती. मी तिचा हात धरला. ‘‘कुठे?’’ एवढाच स्वाहिली शब्द मला आठवला. ‘‘वापी? वापी?’’

ती उठून चालू लागली, मागोमाग मी आणि सैदी. छपरासाठी गवत कापायला बायका जिथे जातात त्या रानाच्या कडेला ती मला घेऊन गेली. दोन जुनी, मोकळी घरटी तिने वाटेत तोडून माझ्या हातात दिली. मग एका झुडपापाशी थांबली आणि हनुवटीने दाखवलं. माझ्या खांद्याच्या उंचीला, तीन फांद्यांच्या मध्ये, मोसंबीएवढा एक गोळा विणलेला होता. दार एका बाजूला, तेही झाकलेलं. गवताची पाती उभी चिरून त्यांच्या बारीक पट्ट्या एकमेकींत ओवल्या होत्या. मी त्याच्यासमोर उभी राहिले. बाबांनी हे पाहिलं असतं तर हात लावून पाहिल्याशिवाय राहिले नसते.

मी एका बोटाने दार सारलं. आत मऊ अस्तर, त्यात डोळे न उघडलेली तीन गुलाबी पिलं आणि त्यांची आई. तांबूस, पाठीवर काळी रेघ. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि बाहेर पडून फांदीवरून चालत गेली. घाईने नाही. शेपटीचं टोक फांदीभोवती गुंडाळायची, सोडायची, पुढे गुंडाळायची. टोकाला जाऊन ती शेपटीने लोंबून थांबली. माझ्या हाताच्या अंतरावर होती.

म्वानाईदीने सैदीमार्फत सांगितलं, ‘‘पकड की. त्यासाठीच आलीस ना? आमचा मका खातात ते.’’

मी कॉलेजात शेकडो उंदीर चिरले आहेत. त्याचं मला कधी काही वाटलं नाही आणि तेव्हाही दयेने माझा हात थांबला असं म्हणणं खरं होणार नाही. थोडी दया होती. पण ही आई नेली तर पिलं संपली, आणि ती पिलांना कसं वागवते हे पाहणारी मी पहिलीच होते. मी मान हलवली. चार हात मागे सरून नेचाखाली बसले आणि वही काढली. बऱ्याच वेळाने ती परत आली, आत शिरली, आतून दाराचं गवत ओढून घेतलं. मी सगळं लिहिलं, चित्रं काढली. अस्तराविषयी लिहिलं, ‘मऊ, बारीक गवत.’

म्वानाईदी तेवढा वेळ शेजारी बसून राहिली. माझ्या वहीत डोकावून तिने उंदराची शेपटी नीट आली आहे याची खात्री केली.

एक कातडं तरीही हवं होतं, आणि एकच रात्र उरली होती. सगळे सापळे तिथून दूर, रानाच्या दुसऱ्या कडेला नेऊन म्वानाईदी सांगेल त्याच झुडपांवर बांधले. कुठली फांदी हे ती ठरवायची, मी गाठ मारायची. सकाळी एका सापळ्यात नर होता. पूर्ण, शेपटीसकट.

सोलायला मला दोन तास लागले. कातडं कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरत होते. म्वानाईदी पाहत होती. शेवटचा टाका घालून मी दोरा तोडला तेव्हा ती एकच शब्द म्हणाली. सैदीने अर्थ सांगितला: ‘‘अच्छा हाथ.’’

त्याच दिवशी खाली उतरले. निघताना मी तिला माझी कात्री दिली. तिने मला घेवड्याची एक पुरचुंडी दिली आणि बोटाच्या इशाऱ्याने सांगितलं की मसाला कमी.

नागपूर

परत येऊन मला दीड वर्ष झालं. कातडं आणि दोन्ही कवट्या इंग्लंडला पोचल्या. हा तोच उंदीर, असं संग्रहालयाने मान्य केलं. घरटं आणि शेपटी यांवरचं माझं टिपण त्यांच्या एका नियतकालिकात छापून आलं. कॉलेजात पेढे वाटले, बाबांनी ते पान न वाचता येणाऱ्या अक्षरांसकट तीनदा पाहिलं.

मी मात्र पहिल्यांदा वाचलं तेव्हाच थांबले. मी लिहिलं होतं की घरटं अमुक गावच्या म्वानाईदी या शेतकरी बाईने शोधून दाखवलं आणि शेपटीचा उपयोगही तिनेच आधी सांगितला. छापताना त्याचं ‘एका स्थानिक बाईच्या मदतीने’ झालं होतं. मी संपादकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की अशी नावं देण्याचा प्रघात नाही. मी दुसरं लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. आमच्या विभागप्रमुखांनी सल्ला दिला, ‘‘कुसुमबाई, छापून आलंय त्यात समाधान माना. पुढच्या वेळी तुमचंच छापणार नाहीत.’’ मी तिसरं पत्र लिहिलं. माहिती कोणाची हे चुकीचं छापलं असेल तर ते चुकीच्या मापाइतकंच चुकीचं आहे, एवढंच त्यात होतं. दोन महिन्यांनी एका अंकाच्या शेवटी बारीक अक्षरात दोन ओळींची दुरुस्ती आली. तिच्या नावासह, गावासह.

तो अंक मी दादाला पाठवला आणि म्वानाईदीला वाचून दाखव म्हणून कळवलं. परवा त्याचं उत्तर आलं:

‘‘तुझ्या कागदासाठी मी त्या डोंगरावर चढलो, माझे गुडघे गेले. सैदी संग होता. म्या तिले सारं वाचून दाखवलं, तुझं पयलं टिपणबी आन् मंगची दुरुस्तीबी. नाव आलं तवा तिनं परत वाचाले लावलं. मंग म्हणे, नाव बराबर हाये, पण कुसुमनं एक चूक लिहिली. घरट्यात आतून गवत नसते. तो उंदीर रानकेळीचं सूत काढून आणते. गवत टोचते म्हणे, पिल्लायले.’’

पत्र तसंच हातात घेऊन मी प्रयोगशाळेत गेले. म्वानाईदीने तोडून दिलेलं एक जुनं घरटं कपाटात आहे. त्याच्या अस्तरातला एक धागा मी चिमट्याने ओढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. गवत नव्हतं. लांब, सरळ, केळीच्या सोपटाचे तंतू होते. विणकराच्या घरात वाढून मला सूत ओळखू आलं नव्हतं.

मुली तासाला येऊन बसल्या होत्या. त्यांना मी तो धागा पाहायला रांगेने बोलावलं आणि त्या पाहत होत्या तोवर टेबलाच्या कोपऱ्यावर संपादकांना चौथं पत्र लिहायला घेतलं.